टोल महामार्गावरचे दिशाफलक: कोणत्या गावांची नावं लिहायची आणि किती?

नकाशावेडा

बंद टोल पद्धतीच्या रस्त्यावर, म्हणजे जिथे शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या अंतराचे पैसे लागतात तिथे, इंटरचेंजच्या, म्हणजे रस्त्यावर चढायच्या-उतरायच्या जागांच्या, दिशाफलकांवर कोणती नावं असावीत याचा नमुना आराखडा करतोय. उदाहरणादाखल समृद्धी महामार्गावरचं वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव इंटरचेंज घेतलंय. वेगमर्यादा कारला १२०, बाजूला तीन-तीन लेन, फलक मराठी आणि इंग्रजीत.

माझ्या पहिल्या मसुद्यात एक्झिटसाठी पाच नावं आहेत: मालेगाव, वाशिम, अकोला, रिसोड, हिंगोली. सरळ जाणाऱ्यांसाठी 'मुंबई' नाहीतर 'नागपूर'. अडलेले प्रश्न असे:

१. पाच नावं फार होतात हे कळतंय, पण कापायची कोणत्या हिशेबाने? आसपासच्या प्रत्येक गावाला आपलं नाव हवंच असतं.
२. मराठी आणि इंग्रजी अक्षरांची उंची सारखी ठेवायची का?
३. 'छत्रपती संभाजीनगर' एका ओळीत लिहिलं तर फलक अवाढव्य होतो. त्याचं काय करायचं?
४. आत शिरताना टोलनाक्यानंतर रस्ता दोन दिशांना फुटतो, तिथे काय लिहायचं?

आयआरसी ६७, म्हणजे आपल्याकडची रस्त्यांच्या फलकांची संहिता, हाताशी आहे. त्यात रंग, आकार, चिन्हं सगळं मिळतं. पण 'हे नाव घ्या, ते सोडा' असं त्यात मला सापडलं नाही.

---

गॅन्ट्रीवाला

कापायचा हिशेब गावाच्या मानापमानाचा नसतो, सेकंदांचा असतो. आधी तो मांडा, मग गावकऱ्यांशी बोलणं सोपं जातं.

फलक वाचायला लागणारा वेळ = (नावांची संख्या ÷ ३) + २ सेकंद. हा जुना, कामचलाऊ पण भरवशाचा ठोकताळा आहे. दोन लिप्यांत लिहिलेलं एक नाव म्हणजे सरळ दोन नावं धरू नका. वाचणारा एकच वाचतो, पण आपल्या लिपीतली ओळ शोधण्यात वेळ जातो. मी दीडपट धरतो.

आता तुमच्या फलकावर एक्झिटची २ आणि सरळची २, अशी ४ नावं ठेवली तर ४ × १.५ = ६. म्हणजे ६ ÷ ३ + २ = ४ सेकंद. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर, तेव्हा वाचता वाचता गाडी १३३ मीटर पुढे जाते.

शिवाय फलक अगदी जवळ आला की नजरेच्या टप्प्यातून निसटतो. चालकाच्या सरळ रेषेपासून साधारण १० अंशांपलीकडे गेलेला फलक वाचायचा तर मान वळवावी लागते. फलक चालकापासून आडवा १० मीटर लांब असेल, तर तो सुमारे ५७ मीटर आधीच निरुपयोगी होतो. १३३ अधिक ५७ म्हणजे १९० मीटर. इतक्या लांबून वाचायला सुरुवात करता आली पाहिजे.

इंग्रजीच्या लहान अक्षराची उंची, म्हणजे 'x' या अक्षराची, अशा अंतराच्या सहाशेव्या भागाइतकी लागते. १९० ÷ ६०० = ०.३१७ मीटर. म्हणजे ३०० मिलिमीटरच्या आसपास. दोन + दोन नावांचं गणित इथे बसतं.

आता तुमची पाच + एक नावं घ्या. ६ × १.५ = ९, वेळ ५ सेकंद, अंतर १६७ + ५७ = २२४ मीटर, अक्षर ३७३ मिलिमीटर. अक्षर १८ टक्क्यांनी मोठं, ओळी दीडपट. फलकाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं. गॅन्ट्रीचे, म्हणजे फलक टांगायच्या रस्त्यावरच्या कमानीचे, खांब आणि पाया ठरावीक क्षेत्रफळावरच्या वाऱ्याच्या दाबासाठी काढलेले असतात, त्यामुळे 'दोन नावं वाढवली' म्हणजे पुन्हा स्ट्रक्चरल डिझाइन. अक्षर न वाढवता नावं कोंबली तर फलक दिसतो भरगच्च आणि वाचून होत नाही. पुष्कळ ठिकाणी हेच झालेलं असतं.

एक्झिटला दोन नावं, बस्स. उरलेली तीन एक्झिटच्या रॅम्पवर, टोलनाक्यानंतरच्या फलकावर जाऊ शकतात. तिथे वेग ४०च्या आत असतो आणि पाच नावंही आरामात वाचता येतात. गावाचं नाव कापायचं नसतं, मागे सरकवायचं असतं. बैठकीत हे वाक्य कामाला येतं.

आणखी एक. २ किलोमीटर, १ किलोमीटर, ५०० मीटर आणि प्रत्यक्ष फाटा, या चारही ठिकाणी तीच दोन नावं, त्याच क्रमाने, त्याच शुद्धलेखनात हवीत. पहिल्यावर 'वाशिम' आणि शेवटच्यावर नुसतं 'बाहेर' असं केलं की चालक शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो. फाट्याच्या टोकाला नाव नसलेला बाणवाला फलक ही सर्रास दिसणारी चूक आहे.

---

वऱ्हाडी_वाट

गणित बरोबर आहे. पण कोणती दोन, हे अजून ठरलेलं नाही.

तुमच्या उदाहरणात मोठा सापळा आहे. नागपूरहून निघालेल्या माणसाला 'मालेगाव' म्हटलं की नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आठवतं. त्याला उतरायचं असतं पार पुढे, शिर्डी-कोपरगावच्या बाजूला, आणि तिथून येवला-मनमाड करत जायचं असतं. कितीतरी आधी वाशिम जिल्ह्यात त्याला निळ्या फलकावर ठळक 'मालेगाव' दिसतं. उतरला तर गेलाच.

यावर लोक सुचवतात 'मालेगाव (वाशिम)'. कंसातला मजकूर बारीक अक्षरात लिहितात, म्हणजे ज्या शब्दाने घोटाळा टळायचा तोच १२०च्या वेगात वाचता येत नाही. 'मालेगाव जहागीर' हे पूर्ण नाव आहे, पण बोलताना कुणी ते वापरत नाही.

साधा उपाय असा की दुसरं नाव असं निवडा की पहिल्याचा घोटाळा आपोआप मिटेल. 'वाशिम' वर, 'मालेगाव' खाली, दोन्ही सारख्याच उंचीच्या अक्षरात. वाशिमच्या शेजारी दिसलेलं मालेगाव नाशिकचं नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. जिल्ह्याचं ठिकाण म्हणून वाशिमचा हक्क तसाही आधीचा.

हीच गोष्ट कारंज्याची. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे, दोन्ही विदर्भातच. इथे मात्र 'कारंजा लाड' असं पूर्ण नाव बोलण्यातही आहे, तेव्हा तेच लिहावं. सेलूचं तसंच: एक वर्ध्याचं, एक परभणीचं. मलकापूर बुलढाण्यात आहे आणि कराडजवळही. खेड तर कुठे नाही! आराखडा करण्याआधी राज्यातल्या तालुक्यांच्या यादीत प्रत्येक नाव शोधून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

अकोला का काढायचं तेही सांगतो. अकोल्याचा माणूस नागपूरकडून येतो तेव्हा त्याला शेलूबाजारचं इंटरचेंज आधी लागतं आणि तिथून बार्शीटाकळीमार्गे अकोल्याचा रस्ता आहे. मुंबईकडून येणाऱ्याला मालेगाव आधी लागतं. म्हणजे 'अकोला' हे नाव मालेगावला फक्त नागपूरकडे जाणाऱ्या बाजूच्या फलकावर शोभतं, मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला नाही. दोन्ही बाजूंचे फलक एकमेकांची आरशातली प्रत असायला हवेत असा नियम नाही, पण ड्रॉइंग करणारा एक बाजू काढतो आणि 'मिरर' मारतो. तुमच्या मसुद्यातही तसंच झालेलं दिसतंय.

हिंगोलीचा रस्ता वाशिमवरूनच जातो. वाशिम लिहिलंत की हिंगोलीकराला कळतं. ज्या गावाला जायला फलकावरच्याच दुसऱ्या गावातून जावं लागतं, ते गाव आधी गाळायचं.

चुकीच्या एक्झिटची किंमत बंद टोलवर जास्त का, हेही आराखड्याच्या टिपणात लिहा. ७०१ किलोमीटरवर इंटरचेंज सरासरी पंचवीस-तीस किलोमीटरवर एक. मध्ये यू-टर्न नाही. चुकून पुढे गेलात तर पुढच्या इंटरचेंजला बाहेर पडा, पुन्हा आत शिरा, परत या. पुढचं इंटरचेंज २५ किलोमीटरवर धरलं तर जाऊन-येऊन ५० किलोमीटर. एप्रिल २०२५ पासूनच्या कारच्या २.०६ रुपये दराने शंभराच्या वर टोल, डिझेल वेगळं. म्हणून काही जण सरळ शोल्डरवरून, म्हणजे कडेच्या पट्टीवरून, रिव्हर्स येतात. तो अपघात फलकाच्या खात्यावर लिहायला हवा, पण लिहिला जातो चालकाच्या.

---

अक्षरवळण

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

सारखी उंची ठेवू नका. इंग्रजीत 'x' ची उंची हे माप चालतं, देवनागरीत तसं माप नाही. इथे मोजायचं ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. तेवढ्या पट्ट्यात आपल्या अक्षराला काना, गाठ, पोट, जोडाक्षर हे सगळं बसवायचं असतं, म्हणून त्याच उंचीचं देवनागरी अक्षर लांबून बारीक वाटतं. मी सव्वापट घेतो. इंग्रजी ३०० असेल तर देवनागरी ३७५ मिलिमीटर.

त्यावर मात्रा-वेलांटी-रफारासाठी साधारण निम्मी जागा, खाली उकारासाठी चाळीस टक्के. म्हणजे एका मराठी ओळीला ३७५ × १.९, सुमारे ७०० मिलिमीटर. ही जागा सोडली नाही की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. 'पुलगाव'खाली 'शिर्डी' टाकून बघा. ड्रॉइंगमध्ये ओळींमधलं अंतर इंग्रजी फॉन्टवरून ठरवलेलं असतं, तिथेच घोळ होतो.

जाडी: निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर रात्री हेडलाइटमध्ये असतं त्यापेक्षा जाड दिसतं, उजेड कडेने पसरतो. त्यामुळे 'ठळक दिसावं' म्हणून बोल्ड फॉन्ट घेतला तर पोटं बुजतात. मग 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ओळखू येत नाहीत. घोटीचं धोटी होतं. मध्यम जाडी घ्या, अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा. 'ख' जोडलेलाच घ्या, सुटा 'ख' लांबून 'रव' दिसतो आणि खोपोलीची रवोपोली होते.

फॉन्ट मराठी वळणाचा हवा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले तरी वाचता येतं, पण महाराष्ट्रातल्या रस्त्यावर ते परके वाटतात. एवढ्यावरून कुणाला फासावर द्यायला नको. फॉन्ट फाइलमध्ये बहुधा मराठीची भाषा-खूण लावली की वळण बदलतं. ती लावायची राहते, इतकंच.

खरी नासाडी स्पेलिंगमध्ये होते. नावांची यादी इंग्रजीत येते आणि कुणीतरी ती उलटी मराठीत उतरवतं. मग तळेगावचं 'तालेगाव', वडगावचं 'वाडगाव', लोणावळ्याचं 'लोनावला', येवल्याचं 'येओला'. ळ आणि ण तर हमखास जातात. दुसरा प्रकार जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना: 'ऱ्ह' मोडतो. बऱ्हाणपूरचं 'बर्हाणपूर'. कटिंग प्लॉटरला, म्हणजे अक्षरं कापणाऱ्या यंत्राला, फाइल पाठवताना अक्षरांचं आउटलाइन (नुसत्या रेषांचा आकार) केलेलं नसेल तर दुकानातल्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि वेलांटी चुकीच्या बाजूला बसते. म्हणून आधी स्पेलिंगचा तक्ता, दोन्ही लिप्यांत, सही करून पक्का करा. आउटलाइन मारा. प्लॉटरवर कापण्याआधीची पीडीएफ मराठी वाचणाऱ्याने अक्षर न् अक्षर तपासायची.

तिसरा प्रश्न. 'छत्रपती संभाजीनगर' इंग्रजीत मधल्या जागेसकट २५ अक्षरं. ३०० च्या मापात एक अक्षर सरासरी ३३० मिलिमीटर धरा, एका ओळीत ८.२ मीटर. तीन लेनची रुंदी ११.२५ मीटर, म्हणजे दोन लेनहून मोठा फलक एका नावासाठी. दोन ओळी केल्या तर लांब ओळ साडेचार मीटरच्या आत बसते. मराठीत 'छ. संभाजीनगर' हे रूप लोकांच्या डोळ्यांना आता सवयीचं आहे आणि एका ओळीत बसतं. माझं मत: मराठी एका ओळीत संक्षेपाने, इंग्रजी दोन ओळींत पूर्ण. एका फलकावर संक्षेप आणि पुढच्यावर पूर्ण नाव असं मात्र करू नका. आणि दोन ओळींतलं एक नाव ही दोन गावं वाटू नयेत म्हणून त्या दोन ओळींतलं अंतर नावांमधल्या अंतरापेक्षा स्पष्ट कमी ठेवा.

तपासायची स्वस्त पद्धत: फलक १:२० प्रमाणात छापा. ३०० चं अक्षर १५ मिलिमीटर होतं आणि १९० मीटरचे साडेनऊ मीटर. कॉरिडॉरच्या टोकाला कागद चिकटवा, ज्याने आराखडा पाहिलेला नाही अशा माणसाला साडेनऊ मीटरवर उभं करा, चार सेकंद दाखवा, झाका. 'वाशिमला कुठून?' असं विचारा. 'काय काय लिहिलं होतं?' हा प्रश्न चुकीचा. चालक फलक पाठ करत नाही, त्यात आपलं गाव शोधतो.

---

नकाशावेडा

अक्षरवळण, १:२० ची युक्ती लगेच करून पाहिली. पाच नावांचा फलक दाखवला तर चार जणांपैकी तिघांना वाशिम सापडलं नाही. दोन नावांना चौघांनाही सापडलं. वऱ्हाडी_वाट, मिररबद्दल तुम्ही पकडलंत ते खरं आहे.

चौथा प्रश्न राहिला. शिवाय शेवटच्या टोकांचं काय? अधिकृत वर्णनात रस्ता शिवमडका ते आमणे असा आहे.

---

नाक्यापल्याड

आमणे आणि शिवमडका ही नावं टोलच्या तक्त्यात राहू द्या. आमण्याला जायला कुणी नागपूरहून निघत नाही. मुख्य रस्त्यावर पहिल्या फलकापासून शेवटच्या फलकापर्यंत 'मुंबई' आणि 'नागपूर'. रस्ता प्रत्यक्ष मुंबईत शिरत नाही, भिवंडी तालुक्यात संपतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात 'ठाणे', 'भिवंडी', 'कल्याण' यांना जागा लागते. पण मुंबई तरीही गाळायची नाही. एकदा लिहिलेलं नाव तिथे पोचेपर्यंत किंवा त्याचा फाटा येईपर्यंत प्रत्येक फलकावर हवंच. मध्येच गायब झालं की माणूस समजतो आपण चुकलो.

आता नाक्यानंतरचा फाटा. ट्रम्पेट पद्धतीच्या (तुतारीच्या आकाराच्या) इंटरचेंजमध्ये टोलच्या केबिनपासून थोड्याच अंतरावर रस्ता दोन दिशांना फुटतो. तो फलक नाक्याच्या छपरामागे झाकला जातो. केबिनमधून बाहेर पडलेली गाडी वेग घेत असते, चालक फास्टॅगचा मेसेज बघत असतो, पाच-सात लेनच्या गाड्या दोनमध्ये घुसत असतात. अशा वेळी पहिला फलक फाट्यावर नको, नाक्याच्या आधी, रांगेत उभं असताना दिसेल असा हवा. दुसरा छपराच्या पुढे, गॅन्ट्रीवर, प्रत्येक दिशेच्या लेनच्या बरोबर मध्यावर बाण असलेला. तिसरा टोकावर.

नावं दोन-दोन: एक लांबचं, एक मधलं. मालेगावला 'मुंबई / छ. संभाजीनगर' आणि 'नागपूर / वर्धा'. मधलं नाव यासाठी की मेहकरला किंवा जालन्याला जाणाऱ्याला मुंबई-नागपूर वाचून डोक्यात नकाशा फिरवावा लागतो, संभाजीनगर वाचून लागत नाही. 'पूर्व-पश्चिम' लिहू नका, आपल्याकडे रस्त्याची दिशा सूर्यावरून कुणी सांगत नाही.

खाली तोंड केलेला बाण म्हणजे 'ही लेन तिकडेच जाते'. तो लेनच्या मधोमध नसेल तर नुसता घोटाळा. एक्झिटसाठी वेगळी लेन सुरू होत असेल, मूळ लेन तुटत नसेल, तर मूळ लेनवर खाली बाण नको. तिरका वर जाणारा बाण पुरतो. चुकीचा खाली-बाण लागला की डाव्या लेनमधला सरळ जाणारा माणूस घाबरून मधल्या लेनमध्ये घुसतो.

नावाने काम भागत नाही अशी जागा बघायची असेल तर कळंबोली. द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग, दोन्ही पुण्यालाच जातात. दोन्हीकडे 'पुणे' लिहून काहीच सांगितलं जात नाही. 'टोल' लिहूनही नाही, कारण जुन्या रस्त्यावरही वरसोली आणि सोमाटण्याला नाके आहेत. तिथे फरक रस्त्याच्या नावाचा आणि मधल्या गावांचा: एकीकडे 'द्रुतगती मार्ग – पुणे', दुसरीकडे 'जुना महामार्ग – खोपोली, लोणावळा'. दुचाकी आणि रिक्षाला मनाई असल्याचं चिन्ह फाट्याच्या आधी, जिथून वळून जाता येतं तिथे. नाक्यावर जाऊन कळण्यात काय अर्थ? वार्षिक फास्टॅग पासाचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे; समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचे. 'वार्षिक पास चालत नाही' ही पाटी प्रवेशाच्या शेवटच्या फाट्याआधी लावली तर केबिनवरची अर्धी भांडणं वाचतील.

अटल सेतूवर शिवाजीनगरचा एक्झिट आहे. पुण्याच्या बाजूने येणाऱ्याच्या डोक्यात शिवाजीनगर म्हणजे पुण्यातलं. 'उलवे' आणि विमानतळाचं चिन्ह टाकलं की प्रश्न मिटला. चिन्ह दोन लिप्यांत लिहावं लागत नाही, हा आणखी फायदा.

---

न्यूजर्सीकर

अमेरिकेच्या नियमपुस्तकात मार्गदर्शक फलकावर गावांची नावं दोनच, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. एक्झिटनंतरच्या अंतराच्या फलकावर तीन ओळी: वर पुढचा एक्झिट, मध्ये एखादं महत्त्वाचं ठिकाण, तळाला ते मोठं शहर जे कित्येक एक्झिटपर्यंत तेच राहतं. त्या शहरांची यादी महामार्गनिहाय आधीच ठरलेली असते, फलक करणारा स्वतःच्या मनाने शहर निवडत नाही. तुमच्याकडे संपूर्ण ७०१ किलोमीटरसाठी अशी एक पानी यादी केली तर कामाची पॅकेजं (टप्पे) वेगवेगळ्या ठेकेदारांकडे असली तरी नावं जुळतील. आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक टोलच्या लेनसाठी जांभळा रंग राखून ठेवलाय. तो दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत, म्हणून लांबून रंगावरूनच कळतं. 'टोलआधीचा शेवटचा एक्झिट' असा पिवळा पट्टा फलकाला जोडलेला असतो, तोही घेण्यासारखा.

---

गॅन्ट्रीवाला

एक पानी यादीला माझं पूर्ण अनुमोदन. पॅकेज बदललं की नावांचा क्रम बदलतो, हे दिसतंच.

आता शीटबद्दल, म्हणजे फलकावरच्या प्रकाश परत फेकणाऱ्या थराबद्दल, कारण नामांतरानंतर पट्ट्या चिकटवायचं काम सगळीकडे आहे: धाराशिव, अहिल्यानगर, संभाजीनगर.

गॅन्ट्रीसाठी मायक्रोप्रिझ्मॅटिक शीट, एएसटीएम डी ४९५६ या अमेरिकी मानकाप्रमाणे टाइप ११ घ्या. त्याच्या पांढऱ्याचा परावर्तन गुणांक (जास्त म्हणजे रात्री जास्त चमक) किमान ५८०, हिरव्याचा ५८, निळ्याचा २६. टाइप ३ चा पांढरा २५० आणि जुन्या इंजिनिअर ग्रेडचा ७०. आता टाइप ११ च्या जुन्या फलकावर कुणी इंजिनिअर ग्रेडची पट्टी चिकटवली, तर दिवसा काही कळत नाही आणि रात्री नेमकं तेच नाव काळं पडतं. उलटंही होतं: फिक्या पडलेल्या फलकावर नवी पट्टी चमकते आणि शेजारची नावं दिसेनाशी होतात. शीटवर शीट चिकटवली की पावसाळ्यात कडा उचलतात, त्या खाली धूळ धरतात. पट्टी लावायचीच असेल तर त्याच टाइपची, पातळ ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर लावून तो पत्रा रिव्हेट करा. ओळ संपूर्ण बदला, शब्दाचा अर्धा भाग नको. नाव लांब झालं म्हणून अक्षर आडवं दाबून बसवणं हा तर गुन्हाच. उभ्या रेघा बारीक होतात आणि लांबून सगळं कुंपण दिसतं.

नवीन फलकाला रंगीत पारदर्शक फिल्मची पद्धत घ्या. पूर्ण पत्र्यावर पांढरी शीट, तिच्यावर निळी फिल्म, प्लॉटरने कापून अक्षरांपुरती फिल्म काढून टाकलेली. पार्श्वभूमीला एकही जोड नसतो. यात जपायचं ते 'व', 'ब', 'म' यांच्या पोटातले निळे तुकडे. ते सुटे असतात. ट्रान्सफर टेपशिवाय हाताने बसवले तर सरकतात. अनुस्वाराच्या टिंबाचं उलटं: तिथली फिल्म काढायलाच विसरतात आणि 'संभाजीनगर'चं 'सभाजीनगर' होतं. पत्रा मोठ्या फलकाला २ मिलिमीटरपेक्षा कमी नको.

बाजूच्या खांबावरचा फलक रस्त्याला अगदी काटकोनात लावू नका, पाचेक अंश बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर स्वतःच्याच हेडलाइटची तिरीप डोळ्यांवर येते. गॅन्ट्रीखालची मोकळी उंची ५.५ मीटर, आणि ती भविष्यातला डांबराचा थर धरून.

हँडओव्हरची तपासणी रात्री, डिप्परवर, मधल्या लेनमधून, पुढे ट्रक असताना करा. आपल्याकडे ट्रक डाव्या लेनमध्ये राहत नाहीत, त्यामुळे दोन किलोमीटरचा फलक बाजूच्या खांबावर असेल तर तो ट्रकमागे हमखास जातो. निदान एक किलोमीटरचा आणि फाट्याचा फलक वरच घ्या.

---

नकाशावेडा

मसुदा बदलला. मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला: वाशिम, मालेगाव, सरळ: छ. संभाजीनगर, मुंबई. नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला: वाशिम, अकोला, सरळ: वर्धा, नागपूर. रिसोड आणि हिंगोली नाक्यानंतरच्या फलकावर. दुसऱ्या बाजूला मालेगाव गाळल्यामुळे स्थानिक लोक ओरडतील, हे माहीत आहे.

---

वऱ्हाडी_वाट

ओरडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. इंटरचेंजचं नाव, टोलच्या पावतीवरचं नाव आणि फलकावरचं नाव तिन्ही वेगळी झाली की पावती बघून माणूस म्हणतो, मी मालेगावला उतरलोच नाही. दोन्ही बाजूंना 'वाशिम, मालेगाव' ठेवा. अकोल्यासाठी त्या बाजूला १५०० मीटरवर एक वेगळा छोटा पूरक फलक: 'अकोला – पुढील एक्झिट'. एकच नाव, दोन लिप्या, अडीच सेकंदांचं काम. मुख्य फलकापासून तो निदान दोनशे मीटर तरी सुटा ठेवा.